काळं अंग, तांबडं अंग

मास्तरांचं शिवणकामाचं दुकान रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली होतं, पायऱ्या उतरून जावं लागे. त्यामुळे कापायच्या टेबलापाशी उभं राहिलं की खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. एखाद्याला याचा वैताग आला असता. मास्तरांना ती फुकटची करमणूक होती. पाय टाकायचा ढंग दिसला की ते कात्री न थांबवता सांगत, "पोस्टातले आले. लंगडताहेत, म्हणजे नवे बूट घेतलेले दिसतात." आणि पोस्टातले खरोखरच नवे बूट घालून, तोंड वाकडं करून आत येत.

शिंपी म्हणून त्यांच्या हाताला नाव होतं. कोटाची बाही खांद्याला अशी बसवत की माणसाने हात वर केला तरी कॉलर जागची हलायची नाही. गिऱ्हाईक एकदा आलं की दुसऱ्या दुकानाचा रस्ता विसरे. मात्र एक काम मास्तर कधीच करत नसत. ते दोरा निवडत नसत. दोऱ्याच्या रिळांची फळी त्यांच्या बायकोच्या मशीनमागे भिंतीला ठोकलेली होती आणि त्या फळीला हात लावायची कुणाची छाती नव्हती, मास्तरांची तर नाहीच.

का, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं. मास्तरांना लाल रंग दिसत नसे. लाल, तपकिरी आणि हिरवा हे त्यांच्या लेखी एकाच आईची लेकरं, कोण थोरला आणि कोण धाकटा ते कळायचं नाही, आणि गडद लाल तर थेट काळ्यात जमा. निळा आणि पिवळा मात्र त्यांना चारचौघांसारखा लख्ख दिसे. त्या दोन रंगांच्या जिवावर त्यांनी आयुष्य रेटलं होतं. लहानपणी काकांच्या दुकानात काम शिकताना त्यांनी एका हिरव्या कोटाची काजं लाल दोऱ्याने विणली, तेव्हा सगळा बाजार हसला होता आणि पुढे कित्येक दिवस पोरं त्यांना पोपट म्हणत होती. तेव्हापासून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. गाव बदललं, कुलूप तेच.

लग्नानंतर काही दिवसांतच बायकोच्या ते लक्षात आलं. मास्तरांनी एका हिरव्या पडद्याला विटकरी दोऱ्याची टीप घातली होती. तिने पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता ती टीप उसवून संध्याकाळपर्यंत हिरव्या दोऱ्याने घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावला आणि रिळांची फळी आपल्या मशीनमागे ठोकून घेतली. "दोरा माझ्याकडे मागायचा," एवढंच म्हणाली. तुम्हाला रंग कळत नाही का, असं तिने विचारलं नाही. मास्तरांनीही आपण होऊन सांगितलं नाही. पुढे संसार झाला, मुलगी झाली, मुलगी लग्न होऊन गेली, पण हा विषय त्या दोघांत कधी निघाला नाही.

आता गिऱ्हाइकांना यातलं काय दिसायचं? कापड टेबलावर पडलं की मशीनवरून बाईंचा आवाज यायचा, "अहो, मरून आहे तो, नीट बघा," किंवा "ते तपकिरी अस्तर ठेवा खाली, तुम्हाला काही कळत नाही." लोकांनी त्यांना वाटलं ते गणित मांडलं. मास्तर बायकोच्या मुठीत आहेत. बिचारे ब्र काढत नाहीत. बाई म्हणजे फटाका. कुणी तर तोंडावर म्हणे, "मास्तर, घरात तरी तुम्हाला हव्या त्या रंगाचा शर्ट घालायला मिळतो ना?"

अशा वेळी मास्तर एक हसू हसत. मान किंचित वाकडी करून, ओठाच्या कोपऱ्यातून, आता तुम्हाला काय सांगायचं अशा थाटाचं. त्या हसण्यावर गिऱ्हाईक खूश होई आणि मास्तरांचं गुपित आणखी एक दिवस शाबूत राही. ही सोय त्यांच्या इतकी अंगवळणी पडली होती की आपण हसतो आहोत हेही त्यांना जाणवत नसे.

अशा माणसाने फुलपाखरांच्या नादी लागावं म्हणजे गंमतच. पण झालं ते असं. सरकारी रोपवाटिकेतून निवृत्त झालेल्या एक बाई पुष्कळ खिशांचं एक जाकीट शिवून घ्यायला आल्या. दुर्बिणीला एक खिसा, पाण्याच्या बाटलीला एक, भिंगाला एक. मास्तरांनी विचारलं, कुठल्या लढाईवर निघालात? बाई म्हणाल्या, फुलपाखरं बघायला. दर रविवारी सकाळी गावामागच्या टेकडीवर, ओढ्याच्या कडेने, काही माणसं जातात. "तुम्ही रविवारी काय करता?"

"झोपतो," मास्तर म्हणाले.

"मग या. उठल्यावर परत झोपता येतं."

पहिल्या रविवारी मास्तर घाबरून गेले आणि गेल्यावर आणखी घाबरले. सगळेजण रंगांनीच बोलत होते. ते केशरी पाहिलं का, त्या लाल ठिपक्यावर नजर ठेवा. मास्तर मागे मागे राहिले. पण मागे राहिलेल्या माणसाला बघायला वेळ असतो. त्यांच्या ध्यानात आलं की एक पाखरू पंख जेमतेम हलवून तरंगत जातं, दुसरं कुणीतरी दचकवल्यासारखं झटके घेत उडतं, तिसरं पानाच्या खालच्या बाजूला पंख पसरून उलटं चिकटतं आणि जागेवरून नाहीसं होतं. काही फुलावर बसून शांतपणे रस पितात, काहींचे पंख पितानाही थरथरत राहतात, जणू गाडी चालू ठेवून उतरलेला माणूस. काही चिखलावर घोळक्याने बसून ओल पितात, आणि ते सगळे बहुतेक नर असतात, हे बाईंनी सांगितलं तेव्हा मास्तरांना चौकातलं चहाचं दुकान आठवलं.

मग काय, मास्तरांना गोडी लागली. ज्या जगात रंगच सगळं काही आहे असं लोक म्हणतात त्या जगात आपल्याला रंगावाचून चालतंय, याचा त्यांना असा आनंद झाला की सोमवारी कापड कापताना ते शीळ घालू लागले. निळी पाखरं तर ते सर्वांच्या आधी ओळखत. वाळक्या पानासारखं दिसणारं पाखरू लोक झुडपात शोधत बसत आणि मास्तर बोट दाखवून मोकळे होत, कारण पानाच्या आणि पंखाच्या रंगाने त्यांना फसवायचं म्हटलं तरी ते फसणार कसे? त्यांना फक्त आकार दिसे. चुका अर्थात होत. पण चुका सगळ्यांच्याच होत, त्यामुळे त्या खपून जात.

अशी काही वर्षं सुखात गेली. मग रोपवाटिकेच्या बाईंनी आपलं सामान बांधलं. त्या दूर मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. जाण्यापूर्वी दुकानात येऊन त्या मास्तरांना म्हणाल्या, "नवख्या लोकांची फेरी आता तुम्ही चालवायची. तुमच्याइतकं शांतपणे बघणारं दुसरं कुणी नाही. पहिली फेरी जमली की आपलं फुलपाखरू मंडळ ती कायमची तुमच्याकडेच देईल."

मास्तरांना हे इतकं हवं होतं की हो म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. आयुष्यात कुणी त्यांना पुढे चाला असं प्रथमच म्हणत होतं. पण बाई पायऱ्या चढून गेल्या आणि मास्तरांना पुढचं दिसू लागलं. नवखी माणसं काय विचारणार? रंगच विचारणार. मागे राहून बघणाऱ्याचं निभावतं, पुढे चालणाऱ्याचं कसं निभावणार? फेरीत सर्वांसमोर फजिती झाली तर गोष्ट टेकडीवर थोडीच थांबणार होती. ती गावात उतरणार, दुकानाच्या पायऱ्या उतरणार, आणि ज्याला लाल-हिरवं कळत नाही त्या शिंप्याकडे कोट शिवायला कोण टाकणार?

रात्री जेवताना बायको भाताचं भांडं पुढे सरकवत म्हणाली, "रविवारी मी पण येते."

"तू? कशाला?"

"हवा खायला."

तिचे गुडघे दुखत, चढ तिला सोसत नसे, आणि किड्यामुंग्यांची तिला मनापासून किळस होती.  मास्तरांचा जीव भांड्यात पडला होता आणि तो पडला हे तिला दिसू नये म्हणून ते उगीच पाणी प्यायला उठले.

रविवारी नेमकं आभाळ भरून आलं. पाऊस नाही, पण ऊन औषधालाही नाही, आणि हवेत चांगलाच गारवा. मास्तरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, कारण थंडीत पाखरं जडावतात. पण माणसं जमली होती. इस्पितळातल्या एक नर्स, नुकतेच निवृत्त झालेले एक बस ड्रायव्हर, आणि एक नवं जोडपं, जे पाखरांपेक्षा एकमेकांकडेच जास्त बघत होतं. शेवटी बायको, हातात छत्री, पायात दुकानातल्याच चपला.

सुरुवात झकास झाली. मास्तर पुढे, माणसं मागे, आणि सर्वांत मागून बायकोचा आवाज. "अहो, त्या केशरीकडे बघा की, तिकडे काय टक लावलीय?" मास्तर लगेच केशरीकडे वळत, त्याची चाल बघत, नाव सांगत. "हिरवट आहे ते, पिवळं कुठलं?" मास्तर म्हणत, हं, हिरवट आहे, म्हणजे लिंबाच्या झाडाकडे जाणारं असणार. दुकानातली पद्धत जशीच्या तशी टेकडीवर चालू झाली होती आणि उत्तम चालत होती. बायकोला एकाही पाखराचं नाव ठाऊक नव्हतं, मास्तरांना रंग ठाऊक नव्हता, दोघांचं मिळून एक शहाणं माणूस होत होतं. मास्तर खुलले. पाखराचं तोंड म्हणजे गुंडाळून ठेवलेली नळी असते, पाखरू पायांनी चव घेतं, असं काय काय ते सांगू लागले. जोडप्यातल्या मुलीने हे ऐकून स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

ड्रायव्हर मात्र मिस्कील होते. बायकोच्या एका हाकेनंतर ते मास्तरांच्या कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या घरी पण असंच. स्टिअरिंग माझ्या हातात आणि हॉर्न मागच्या सीटवर."

मास्तर आपलं ते हसू हसले. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी चढलेली होती.

ओढ्याच्या वळणावर फुलांनी डवरलेलं एक झुडूप होतं. तिथे मास्तर थांबले आणि त्यांनी रोपवाटिकेच्या बाईंकडून शिकलेला आवडता धडा सुरू केला. "इथे एक काळं पाखरू येतं. मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला तांबड्या चंद्रकोरी. त्याला आम्ही गुलाबी म्हणतो. ते अळी असताना विषारी वेलीची पानं खातं, त्यामुळे तेही विषारी होतं. एकदा खाल्लं की पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. आता दुसरं एक पाखरू आहे, बहुरूपी. त्याच्यात विष बिष काही नाही. पण त्याच्या काही माद्या हुबेहूब या गुलाबीचा वेश घेतात. तोच डाग, त्याच चंद्रकोरी. पक्षी फसतात. माणसंही फसतात."

"मग ओळखायचं कसं?" नर्सबाईंनी विचारलं.

"अंग बघायचं. गुलाबीचं अंग तांबडं, बहुरूपीचं काळं. वेश कितीही घेतला तरी अंग रंगवता आलं नाही बिचारीला." हे वाक्य बाईंचं होतं, पण मास्तरांनी ते आपलं म्हणून खपवलं. आपण स्वतः मात्र अंग कधीच बघत नाही, हे त्यांनी सांगितलं नाही. ते उडणं बघत. विषारी पाखराला कुणाची भीती नसते, ते संथ, ऐसपैस उडतं. वेश घेतलेली मादीही संथ उडायचं सोंग करते, पण सोंग ते सोंगच, मध्येच तिची घाई उघडी पडते. मास्तरांना ती घाई लांबून कळे.

आणि बोलावल्यासारखं एक काळं पाखरू खालच्या अंगाने आलं. पांढरा डाग स्पष्ट. ते सावकाश आलं, सावकाश एका फुलावरून दुसऱ्या फुलावर गेलं. घाईचा मागमूस नाही. मास्तरांनी हात वर करून सर्वांना थांबवलं आणि हलक्या आवाजात, अगदी समाधानाने सांगितलं, "हेच. गुलाबी. बघा किती निवांत आहे. याला ठाऊक आहे आपल्याला कुणी खाणार नाही."

जोडप्यातल्या मुलाने मोबाइल उगारला. ड्रायव्हरांनी टोपी मागे सारली. आणि सगळ्यांच्या मागून आवाज आला.

"तांबडं कुठलं? काळं आहे त्याचं अंग, चांगलं कोळशासारखं. डोळे कुठे आहेत तुमचे?"

 मास्तरांच्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. गारठा. अशा गारठ्यात सोंग करणारीलाही जोर नसतो, तीसुद्धा संथच उडते. चालीवर भिस्त ठेवणाऱ्याने ज्या दिवशी चालीवर विश्वास ठेवू नये, नेमक्या त्याच दिवशी त्यांनी ठेवला होता. आता चटकन काहीतरी बोलून वेळ मारून न्यायला हवी होती. पण त्यांच्या आधी नर्सबाई बोलल्या.

"काकू, मी सकाळपासून ऐकतेय. जरा बोलू द्या ना त्यांना. माणूस मनापासून शिकवतोय आणि तुम्ही चार लोकांत त्याचा पाणउतारा करताय. घरी काय बोलायचं ते बोला." त्या चिडल्या होत्या, पण त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना मास्तरांची खरंच कणव आली होती.

 बायकोने छत्री या हातातून त्या हातात घेतली.

आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. मान वाकडी झाली, ओठाचा कोपरा वळला, सगळं आपोआप. आता ड्रायव्हर एखादा विनोद करतील, सगळे हसतील, फेरी पुढे जाईल, फेरी मास्तरांचीच राहील. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तिला लागलंय असंही दिसत नव्हतं. ती फक्त वाट बघत होती, मास्तर नेहमीसारखे हसून मोकळे होण्याची, म्हणजे मग पुढे चालता येईल. ती वाट बघणं मास्तरांना सहन झालं नाही. एखादी सुई आपल्याच हाताने खोल टोचावी तसं ते लागलं. ही बाई कितीतरी वर्षं अशीच उभी होती आणि आपण दर वेळी हसलो होतो.

"तिचं बरोबर आहे," मास्तर म्हणाले.  "अंग काळं असेल तर ती बहुरूपी आहे. माझं चुकलं. मला अंग दिसलं नाही, कारण मला लाल रंग दिसत नाही. लाल आणि काळा मला सारखाच. हिरवा आणि तपकिरी सारखाच. लहानपणापासून."

सुरुवात झालीच होती, म्हणून ते पुढे बोलले.

"मी शिंपी आहे. दोरे ती निवडते. मला कळत नाही हे लोकांना कळू नये म्हणून ती माझ्यावर ओरडते. लोक तिला कजाग म्हणतात आणि मला बिचारा म्हणतात. आज सकाळपासून ती तुम्हाला नाही, मला रंग सांगत होती."

जोडप्यातल्या मुलाने मोबाइल खाली घेतला. नर्सबाईंचा चेहरा कानापर्यंत तापला असावा. मास्तरांना अर्थात तो फक्त काळवंडलेला दिसला. त्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "काकू, मला माफ करा. मला काहीच माहीत नव्हतं."

"माफी कसली," बायको म्हणाली. "मी तशी आहेच. ह्यांचं राहू द्या, माझ्या सख्ख्या बहिणींना विचारा."

आधी ड्रायव्हर हसले, मग सगळे. नर्सबाई म्हणाल्या की त्यांच्या वॉर्डातल्या एका डॉक्टरांचं असंच आहे, ते सिस्टरला विचारल्याशिवाय पुरळाबद्दल बोलत नाहीत. ड्रायव्हर म्हणाले की नोकरीला लागताना त्यांचे डोळे तपासले होते ते याचसाठी, आणि मास्तरांनी शिलाई निवडली हे प्रवाशांचं नशीब. तेवढ्यात ढगाला भगदाड पडून झुडपावर ऊन आलं. मादीने पंख पसरले, थोडा वेळ तशीच शेकत बसली, आणि मग उठली ती सोंग बिंग विसरून, उड्या घेत, वळणं घेत, ओढ्यापलीकडे पसार झाली.

"बघा," मास्तर म्हणाले, "आता मीसुद्धा ओळखलं असतं."

पुढची वाट फार मजेत गेली. रंग माणसांनी सांगायचा आणि चाल मास्तरांनी, असं न ठरवताच ठरलं. जोडप्यातली मुलगी तर प्रत्येक पाखरू तपशिलाने वर्णन करू लागली, लाल म्हणजे कसला लाल, गाजरासारखा की विटेसारखा, आणि मास्तरांना पहिल्यांदाच कळलं की लालात इतकी भानगड असते. उतरताना ड्रायव्हर म्हणाले, "पुढच्या रविवारी माझ्या मेहुण्याला आणतो. फेरी तुमचीच ना?" मास्तरांनी मान हलवली. 

माणसं पांगली आणि दोघं घराच्या वाटेला लागली. बायको पुढे चालत होती, दुखऱ्या गुडघ्याच्या मानाने बरीच भराभर. मास्तरांनी तिला गाठलं.

"राग आला?"

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "इतकी वर्षं सांभाळलं मी. ते काय तुमचं एकट्याचं होतं?"

"ती तुला नाही नाही ते बोलली. मला ऐकवेना."

"मी रोज ऐकतेय. तुम्हाला काय आजच ऐकू आलं?"

हो म्हणणं सोपं होतं, आणि तिने कदाचित तेवढ्यावर सोडूनही दिलं असतं. मास्तर थांबले. "नाही," ते म्हणाले. "रोजच ऐकू यायचं. मला ते सोयीचं होतं."

 कोपऱ्यावरच्या बाकावर बसून तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, "टेकडीवरची माणसं काय, चार दिवसांची ओळख. त्यांना सांगून झालं." एवढं बोलून ती उठली आणि चालू लागली. मास्तरांना पुढचं न बोललेलं नीट कळलं. त्या दिवशी जेवताना त्यांचं लक्ष ताटापेक्षा उद्याच्या गिऱ्हाइकांकडेच होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून कात्री हातात घेतात न घेतात तोच खिडकीतून उंच टाचा दिसल्या. "मुख्याध्यापिकाबाई," मास्तर पुटपुटले. अख्ख्या गल्लीत त्यांच्यासारखी जीभ नव्हती, आणि त्यांनी एक गोष्ट ऐकली की दुपारपर्यंत ती शाळेच्या फाटकाबाहेर पोचलेली असे. त्यांनी कोटाचं कापड टेबलावर टाकलं. "मास्तर, याला शोभेलसा दोरा आणि बटणं काढा."

"गडद हिरवा आहे तो," मशीनवरून आवाज आला. "ते टेबलावर राहिलेलं रीळ घेऊ नका, ते चॉकलेटी."

मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांकडे झुकून, पण चांगलं ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "कसं हो सोसता? एक दिवस तरी रीळ स्वतःच्या हाताने घ्या की. ती काय खाणार आहे?"

मशीन चालूच होतं. मास्तरांनी कात्री खाली ठेवली.  हे गिऱ्हाईक जाईल, त्याच्यामागून शाळेच्या गणवेशांचं काम जाईल, त्यामागून आणखी काय काय जाईल ते सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं.

"मला रंग कळत नाहीत, बाई," ते म्हणाले. "हा हिरवा आहे की चॉकलेटी, मला खरंच दिसत नाही. कधीच दिसला नाही. तुमचे आजवरचे सगळे कोट तिच्या डोळ्यांनी शिवलेत मी. ती बोलली नसती तर हे दुकान केव्हाच बंद पडलं असतं."

मशीन थांबलं. मुख्याध्यापिकाबाईंनी मास्तरांकडे पाहिलं, मग मशीनकडे, मग आपल्या अंगातल्या कोटाच्या शिवणीकडे, नखाने ती शिवण जराशी चाचपून. दोरा कापडात विरून गेलेला होता. बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं, जे गल्लीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

"बटणंही मग तुम्हीच काढा," त्या शेवटी मशीनच्या दिशेने म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "कोट गुरुवारी मिळेल ना?"

"शुक्रवारी," बायको म्हणाली.

त्या गेल्या. बायको खिडकीकडे तोंड करून बसली होती. पदराने तिने डोळे पुसले, मग नाक पुसलं, मग मशीनच्या चाकावरची धूळ त्याच पदराने पुसली, जणू पुसायचंच काम चाललं होतं. मास्तर टेबलाला धरून उभे होते. आपण हे केव्हाच करायला हवं होतं, असं त्यांना वाटलं, आणि त्याहून जास्त वाटला तो निखळ आनंद, गालात मावेना असा.

"आता पोस्टातल्यांनाही सांगतो," ते म्हणाले. "आणि बेकरीवाल्याला. तो फार बोलतो तुला."

"पुरे," बायको म्हणाली. ती अजून खिडकीकडेच बघत होती. "सगळ्या गावाला सांगत सुटू नका. थोडा दरारा राहू द्या माझा."